जुन्या स्नेह्यांच्या गावी, दोघांनी मिळून : तुमचे अनुभव सांगा

पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं अडीच महिन्यांसाठी युरोपात निघालोय. तीन देश, तीन घरं, तिन्ही जुन्या स्नेह्यांची. सहल कंपनीबरोबर दोनदा बाहेर जाऊन आलोय, पण कुणाच्या घरी राहून रमतगमत फिरणं पहिल्यांदाच. शेंगेन व्हिसाचं गणित समजलंय, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. विम्याचंही बघून झालंय. पण तीस-पस्तीस वर्षांनी भेटणाऱ्या मित्राच्या घरात वावरायचं कसं, काय न्यायचं आणि केवळ त्यांच्यामुळे काय बघायला मिळतं, हे व्हिसाच्या कागदांत लिहिलेलं नसतं. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी लिहा ना. लांबलं तरी चालेल.

अलिबागहून

माझी शाळेतली जिवाभावाची मैत्रीण बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. आमच्या आळीतच त्यांचं घर होतं. १९७१ साली सगळं कुटुंब इस्रायलला गेलं. पत्रं यायची, मग फोन. शेवटी २०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं तिच्याकडे दिमोनाला गेलो आणि तीन आठवडे राहिलो.

दिमोना नेगेवच्या वाळवंटात आहे. भारतातून गेलेली इतकी माणसं तिथे आहेत की त्या गावाला छोटा भारतच म्हणतात. दार उघडल्या उघडल्या ती म्हणाली, "आलीस गो बाय!" अठ्ठेचाळीस वर्षांनी. तिची नातवंडं हिब्रूत बोलतात, पण तिची मराठी जशीच्या तशी आहे. गेली तेव्हाचीच. ती अजून "आपला कुलाबा जिल्हा" म्हणते. रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं, तेव्हा ती इथे नव्हतीच.

पहिल्या दिवशी मी मदतीला स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावरचा चमचा उचलला. तिने हळूच हात धरला. "तो नको, तो दुधाचा." त्यांच्या धर्मात दूध आणि मटण एकत्र चालत नाही, म्हणून दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी, कप्पेही वेगळे. त्यांच्या मटणाला नारळाचं दूध का असतं, हे मला तेव्हा नीट कळलं. लहानपणी कितीदा खाल्लं होतं, पण असं का, हे कधी विचारलंच नव्हतं. तुम्हीही कुणाकडे गेलात की आधी एक दिवस नुसतं बघा, कुठलं भांडं कशाला वापरतात ते, आणि मगच हात लावा.

मृत समुद्रावर पाण्यात आडवे तरंगलो. समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून खाली आहे ती जागा. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. मैत्रीण भिंतीला कपाळ टेकून बराच वेळ उभी होती, मी तिची पर्स धरून मागे. हायफाला आमच्या ह्यांनी हट्टाने भारतीय सैनिकांची दफनभूमी बघितली. २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळांनी ते शहर जिंकलं होतं.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठं काय, तर मलिदा. आम्ही आलो म्हणून तिने मलिदा घातला. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं आणि एलियाहू हन्नाबीचं नाव. ताट माझ्यापुढे धरून तिने विचारलं, "सागावचा खडक आहे का अजून?" एलियाहू पैगंबर त्या खडकावरून स्वर्गात गेले अशी त्यांची श्रद्धा आहे. रथाच्या खुणा दाखवतात तिथे. सागाव आमच्या घरापासून किती जवळ, आणि मी आयुष्यात एकदाही गेले नव्हते. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी गेले, फोटो काढला आणि तिला पाठवला.

सांगलीहून

वालचंदला असतानाचा माझा हॉस्टेलमधला रूम पार्टनर न्यू जर्सीत असतो. २०१७ मध्ये आम्ही त्याच्याकडे गेलो. नायगारा, वॉशिंग्टन वगैरे झालं, त्यावर खूप जणांनी लिहिलंय, म्हणून सोडतो.

एक दिवस तो म्हणाला, "चला, तुम्हाला आनंदीबाईंकडे नेतो." मला आधी कळेना. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून पकिप्सी गावाला गाडी जाते, साधारण दोन तास. जाताना डावीकडची खिडकी धरा. हडसन नदी जवळजवळ पूर्ण वाट सोबत असते.

तिथल्या दफनभूमीत डॉ. आनंदीबाई जोशींचा दगड आहे. १८८६ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. इतकं शाळेत शिकलो होतो. त्यांच्या अस्थी इतक्या लांब का आल्या, हे मित्राने तिथे उभं राहून सांगितलं. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंविषयी छापलेलं वाचलं आणि पत्र टाकलं. एकमेकींचं तोंडही न बघता दोघींची मैत्री पत्रांतूनच जुळली. १८८३ मध्ये आनंदीबाई एकट्या अमेरिकेत उतरल्या त्या ह्याच बाईंच्या भरवशावर. त्यांना त्या मावशी म्हणायच्या. त्यांच्या पश्चात अस्थी ह्याच मावशीकडे पाठवल्या गेल्या, आणि कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांना जागा मिळाली.

मित्राच्या बायकोसाठी आणलेली सांगलीची हळद बायकोच्या पर्समध्ये होती, पुडी अजून द्यायची राहिली होती. तिने चिमूटभर हळद दगडापाशी गवतावर वाहिली. तिघंही बोललो नाही. मित्र चाळीस वर्षं तिकडे आहे, मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

नाशिकहून

कामाचं तेवढं लिहिते. मेलबर्नला भावजयीच्या बहिणीकडे गेलो तेव्हा ह्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत होत्या, आणि ती बॅग तीन दिवस उशिरा आली. ते तीन दिवस मी विसरणार नाही. डॉक्टरची चिठ्ठी हातातल्या पिशवीत होती, पण तिच्यावर आपल्याकडची ब्रँडची नावं, ती तिथे कुणालाच कळेनात. औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या जवळ ठेवा. ऑस्ट्रेलियात उतरताना कार्ड भरावं लागतं. लोणचं, तूप, मसाला, जे काही असेल ते सगळं त्यावर लिहा. लिहिलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड.

डोंबिवलीहून

आम्ही ब्रिटनमध्ये कुणाकडेच दहा दिवसांच्या वर राहिलो नाही. लेस्टर, कार्डिफ, एडिंबरा अशी तीन घरं होती, तिन्हीकडे पहिल्याच संध्याकाळी निघायची तारीख सांगून टाकली. त्यामुळे शेवटच्या दिवशी तिन्हीकडून "राहा ना अजून" मनापासून आलं. साठी उलटली असेल तर रेल्वेचं सिनिअर कार्ड काढा, तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. लंडनला १० किंग हेन्रीज रोडला नक्की जा. बाबासाहेब शिकत असताना तिथे राहिले होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं.

नेदरलँड्सहून, यजमानांच्या बाजूने

मी इथे वीस वर्षं राहते. २०१४ मध्ये बाबांचे जिगरी दोस्त आणि काकू माझ्याकडे महिनाभर होते. बाबा तोवर गेले होते. काका पाटबंधारे खात्यात, उमेदीची वर्षं सगळी जायकवाडीवर. मी ट्युलिपची बाग, अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे असं सगळं आखून ठेवलं होतं. काका म्हणाले, "पोरी, ते बघूच. पण मला आधी अफ्सलाउटडाइक दाखव."

समुद्र अडवणारा बत्तीस किलोमीटरचा बांध आहे तो, १९३२ मध्ये पुरा झालेला. वर हमरस्ता. मी त्यावरून शेकडो वेळा गाडी नेली होती, कधी थांबले नव्हते. काकांनी मधल्या मनोऱ्यापाशी थांबायला लावलं. वारा इतका, की काकूंनी पदर कमरेला खोचला. एका अंगाला खारा समुद्र, दुसऱ्या अंगाला त्याच समुद्राचं गोडं झालेलं सरोवर, हे मला काकांनी समजावलं. नद्या आत येत राहिल्या, दारांतून पाणी बाहेर सोडत राहिले, आणि काही वर्षांत आतलं मीठ धुऊन गेलं. "तुझ्या बापाला हे दाखवायचं होतं मला," असं म्हणून ते दगडांवरून जपून खाली उतरले. ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं. मग रस्त्याच्या वरच्या पुलावरून पलीकडे जाऊन तिथलं घेतलं, आणि मला हाक मारून म्हणाले, "ये, चाखून बघ."