बटाईने दिलेल्या जमिनीचा सन्मान निधी कोणाला मिळतो? (देपालपूर तहसील, इंदूर जिल्हा)

रामबागवासी: देपालपूर तहसिलीतील आमची वडिलोपार्जित जमीन वडिलांच्या निधनानंतर, २०२१ मध्ये, आम्हा तिघा भावंडांच्या नावे नामांतरित झाली. थोरले बंधू सरकारी नोकरीतून निवृत्त असून त्यांचे निवृत्तिवेतन दरमहा दहा हजारांहून बरेच अधिक आहे. मी खासगी नोकरीत असून आयकर भरतो. धाकटी बहीण गृहिणी आहे, आणि तिच्या यजमानांचे लहानसे दुकान असून त्यांना आयकर लागत नाही. शेत मात्र गावातीलच एक गृहस्थ अनेक वर्षांपासून बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसतात. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीची गावनिहाय यादी पाहिली, तेव्हा इंदुरात स्थायिक झालेल्या काही जमीनमालकांची नावे तीत दिसली. आमच्या बटाईदाराचे नाव दिसले नाही. नियमाने आमच्यापैकी पात्र कोण, आणि बटाईदाराला काहीच मिळत नाही का?

निवृत्त महसूल कर्मचारी: ही योजना जमीन कसणाऱ्याची नसून जमीनधारकाची आहे, आणि तिचा सारा हिशेब त्यावरूनच लागतो. २०१९ च्या फेब्रुवारीत ती सुरू झाली तेव्हा दोन हेक्टरपर्यंतची मर्यादा होती. त्याच वर्षी ती उठवली गेली, त्यामुळे मोठे जमीनदारही पात्र ठरले. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. एकाच खात्यात अनेक नावे असली तरी प्रत्येक कुटुंबाचा विचार वेगळा होतो. आपले बंधू निवृत्तिवेतनामुळे आणि आपण आयकरामुळे बाद ठरता. (चतुर्थ श्रेणीच्या निवृत्तांना निवृत्तिवेतनाची ही अट लागू नाही, हे बंधूंच्या बाबतीत पाहून घ्यावे.) भगिनी पात्र दिसतात. जमिनीची मालकी १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीची असावी अशी अट आहे, परंतु मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन तिला अपवाद आहे. भगिनींच्या यजमानांच्या नावे अन्यत्र शेती असून तिथला हप्ता मिळत असेल, तर दुसरा मिळणार नाही.

सांवेरचा शेतकरी: मध्य प्रदेशात यावर मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेची रक्कम मिळते; २०२० मध्ये ती वर्षाला ४,००० होती, २०२३ पासून ६,००० झाली. ती केंद्राच्या लाभार्थ्यांनाच मिळत असल्यामुळे एका यादीतून वगळलेला माणूस दुसरीतूनही आपोआप वगळला जातो. बटाईदारासाठी वाटा निराळ्या आहेत आणि त्या सगळ्या लेखी करारनाम्यातून जातात. हमीभावाच्या गहू खरेदीसाठी सिकमी (पोटकूळ) किंवा बटाईदार म्हणून पंजीयन (नोंदणी) सहकारी समितीच्या केंद्रावर होते. पीक विमाही त्याला घेता येतो. खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का हप्ता. २०१६ चा भूमिस्वामी व बटाईदार यांच्या हितसंरक्षणाचा राज्याचा कायदा अशाच कराराला मान्यता देतो. तरीही आमच्या भागात करार कोणी लिहून देत नाही, कारण उद्या हा माणूस जमिनीवर हक्क सांगेल ही भीती मालकांच्या मनातून जात नाही. मग सोयाबीन मंडीत मालकाच्या नावे विकला जातो आणि भावांतराचे (हमीभाव आणि बाजारभाव यांतील फरकाचे) पैसेही मालकाच्याच खात्यात पडतात. २०२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. मंडीचा दर त्याच्या खाली असताना फरकाची रक्कम प्रत्यक्ष राबणाऱ्यापर्यंत पोहोचली की नाही, हे मालकाच्या इमानावर राहिले.

रामबागवासी: सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. बहिणीच्या नावे अर्ज करू. करारनाम्याविषयी बंधू साशंक आहेत, तथापि कायद्याची प्रत त्यांना वाचायला देणार आहे. करार कुठे दाखल करावा लागतो?

निवृत्त महसूल कर्मचारी: एक प्रत मालकाकडे, एक बटाईदाराकडे आणि एक तहसीलदारांकडे. मुदत पाच वर्षांपेक्षा अधिक लिहू नये. भगिनींच्या अर्जाआधी खसरा आणि बी-१ या जमिनीच्या नोंदींमध्ये त्यांचे नाव आधारप्रमाणेच लिहिलेले आहे का, ते पटवाऱ्याकडून पाहून घ्यावे, आणि बँक खाते आधारशी जोडून ई-केवायसी करून टाकावी. स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकानेही हप्ते अडकलेले मी पाहिले आहेत.