अमेरिकेतून कोरियात राहायला आलेल्यांचे अनुभव

अमेरिकी पासपोर्टवर कोरियात मुक्काम हलवलेल्यांनी इथे लिहावं. प्रवासवर्णन नको, काय अडतं आणि ते कसं सोडवायचं एवढंच.

सोल, कंपनीची नोकरी

सगळ्यात आधी परदेशी नोंदणी कार्ड. देशात उतरल्यापासून ९० दिवसांत अर्ज करावा लागतो आणि हायकोरिया या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर आधी वेळ घ्यावी लागते. सोलच्या तारखा पटापट भरतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात घेऊन टाका.

कार्ड आलं की त्यावरचं नाव बघा. पासपोर्टात मधलं नाव असेल (आपल्याकडे बहुधा वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं), तर कार्डावर आडनाव, नाव, मधलं नाव अशी मोठ्या अक्षरांत लांबलचक ओळ येते. बँकेने मधलं नाव गाळलं किंवा मोबाइलवाल्याने दोन नावं जोडून टाकली, की मोबाइलवरून होणारी ओळख-पडताळणी फसते. तिच्याशिवाय ऑनलाइन खरेदी नाही, तिकिटं नाहीत, निम्मी अ‍ॅपं नाहीत. काउंटरवर कार्ड पुढे करा आणि स्क्रीनवर मधल्या जागांसकट तेच नाव दिसल्याशिवाय उठू नका.

फॅटकामुळे (अमेरिकी नागरिकांची परदेशी खाती अमेरिकी करखात्याला कळवायला लावणारा कायदा) बँक सोशल सिक्युरिटी नंबरही मागते. परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म) भरावा लागतो. घराचं डिपॉझिट खात्यातून फिरवताना हे हमखास होतं.

बुसान

कचऱ्यावर कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. मिश्र कचऱ्याची पिशवी आपल्याच भागाची लागते, दुसऱ्या वॉर्डातली उरलेली सहसा चालत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्यापाशी मागायची. ओला कचरा वेगळा, पण त्याचं पशुखाद्य आणि खत होतं. त्यामुळे हाडं, शिंपले, अंड्याची टरफलं, कांद्याची सालं, आंब्याची कोय आणि चहाचा चोथा मिश्र कचऱ्यात. बऱ्याच सोसायट्यांत कार्ड टेकवल्यावर झाकण उघडणारा डबा असतो. तो वजन करतो आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये लागतात. आमटीचं पाणी निथळूनच टाका! पारदर्शक बाटल्या लेबल सोलून, धुऊन, चेपून, झाकण लावून वेगळ्या ठेवायच्या.

सुवॉन

इथे २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. लॅपटॉपचा चार्जर चालतो, पण अमेरिकेत घेतलेला ११० व्होल्टचा मिक्सर नुसत्या पिन-अडॅप्टरवर लावलात तर जळेल. ७५० वॉटच्या मिक्सरला १५०० वॉटचा ट्रान्सफॉर्मर घ्या, कारण सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते. त्यापेक्षा भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर बरा, त्याला फक्त अडॅप्टर पुरतो.

थंडीत गावाला जाताना जमीन तापवणारा बॉयलर पूर्ण बंद करू नका. पॅनेलवर 'बाहेर गेलो' अशा अर्थाचं बटण असतं, ते दाबा. पारा शून्याच्या बराच खाली जाणार असेल तर नळ गरम बाजूला वळवून बारीक धार सोडून ठेवा. नुसती थंड बाजू वाहती ठेवली तर गरम पाण्याची नळी गोठते.

सोल, शिक्षिका

अ‍ॅडरॉल (एडीएचडीवरचं, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासावरचं अँफेटामिन असलेलं औषध) घेत असाल तर सोबत आणू नका. अमेरिकेतली चिठ्ठी असली तरी इथे त्यावर बंदी आहे. निघण्याआधीच डॉक्टरांशी पर्यायाबद्दल बोला.

टिप देत नाहीत. टेबलावरची घंटा दाबून वेटरला बोलवायचं, चमचे-चॉपस्टिक्स अनेकदा टेबलाच्या कडेच्या खणात सापडतात. साहेबांना दारू ओतताना बाटलीला दोन्ही हात.

बसमधून उतरताना टी-मनी कार्ड (बस-मेट्रोचं प्रीपेड कार्ड) पुन्हा टेकवा. नाहीतर ३० मिनिटांच्या आत मेट्रो पकडूनही पुन्हा पूर्ण भाडं पडतं.