मायच्या अंगात देवी येते, घराबाहेर कशी पडू?

यवतमाळकडचं खेडं, वय २४, डीएड झालं. मी नोकरीचं नाव काढलं की त्याच रात्री मायच्या अंगात येते, म्हणे उंबरठा ओलांडशीन तं रक्त ओकशीन. माह्या उशीत तिनं बिबा अन् काळा दोरा शिवला. मागं नागपूरले इंटरव्ह्यूले निघाली तं बसस्टॉपवरच ओकारी झाली, तवापासून मलेच खरं वाटते.

> अवं बाई, उपाशीपोटी भेवानं कोणालेही ओकारी होते. अन् देवीले इंटरव्ह्यूची तारीख कशी समजते? तूच सांगतं ना मायले? आता सांगूच नको.

> २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, मंत्रानं भूत बोलावतो म्हणून धमकावणं गुन्हा, ६ महिने ते ७ वर्षे शिक्षा. पण मायवर केस करायला छाती लागते, आधी १८१ ला फोन कर, महिला हेल्पलाइन आहे.

> माह्या आजीच्या अंगात आजोबा गेल्यावरच यायला लागलं, त्याच्या आधी घरात तिचं ऐकत कोण होतं.. तुही माय एकटी हाय काय?

हो, बाबा गेले तवापासूनच. काल उशी उसवली. बिबा वाळून खडंग झालता. फेकाची हिंमत नाई झाली, डब्यात ठेवला.