मदत हवी आहे: केमो चालू असताना आईला चालतं कसं ठेवायचं?

आई ५८ वर्षांची. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल (केमोचं औषध) चालू आहे. डॉक्टर म्हणतात, झेपेल तसं चाला, हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या. पण केमोनंतर दोन दिवस ती उठतच नाही, आणि तळपायाला मुंग्या येतात म्हणून जिना उतरायला घाबरते. सध्या गॅलरी ते देवघर, दहा फेऱ्या. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम मात्र नेमाने करते, हात कुठवर पोचला त्याची रोज पेन्सिलने खूणसुद्धा! (नातेवाईक येऊन ‘पडून राहा गं’ सांगतात ते वेगळंच.)

यातून गेलेल्यांनी सांगा ना, मुंग्या असताना पायात काय घालायचात? आणि ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सूज येईल म्हणून वजन उचलणं पूर्ण बंद केलं होतंत का? फिजिओथेरपिस्टची वेळ थेट पुढच्या गुरुवारची आहे.