कार-टीचा करार: पेशी पाठवल्या की पूर्ण ॲडव्हान्स, हे बरोबर आहे का?

मिरज_पर्चेसवाला:
नमस्कार मंडळी. मी मिरजेत एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात पर्चेसला आहे. आमच्या रक्तविकाराच्या डॉक्टरांनी कार-टी (रक्ताच्या कॅन्सरवरची पेशींची ट्रीटमेंट) सुरू करायचं मनावर घेतलंय, आणि एका कंपनीनं (नाव नको) कराराचा मसुदा पाठवलाय. आजवर सलाईन, अँटिबायोटिक, फार तर केमोचे रेट ठरवले, त्यात स्कीम किती, क्रेडिट किती दिवस, एक्सपायरी परत घेणार का, एवढं विचारलं की झालं. इथं पेशंटच्याच पेशी काढून पाठवायच्या आणि त्या बदलून परत येणार, म्हणजे माल त्या एकालाच चालणार. मसुद्यात पेशी पाठवल्या की पूर्ण रक्कम, परत मिळणार नाही. बॅच फेल गेली किंवा मधल्या आठवड्यांत पेशंटच गेला तर?

लॅबमधली_ताई:
दादा, बॅच फेल जाते, ते गृहीत धरूनच करार करा. आधी खूप केमो झालेल्या पेशंटच्या टी पेशीच (ज्या काढून बदलायच्या त्या पांढऱ्या पेशी) दमलेल्या असतात, वाढत नाहीत. कधी पेशी तयार होतात पण ठरलेल्या मापात बसत नाहीत, मग तो माल डॉक्टरांनी द्यायचा का आणि बिल लागणार का, हे वेगळ्या कलमात घ्या. आणि फ्रोझन पिशवी तुमच्या दारात आल्यावर जबाबदारी कुणाची? ती ठेवायला तुमच्याकडं द्रव नायट्रोजनची टाकी आहे का?

वाळव्याचा_गडी:
मी डॉक्टर नाही, पण हे उसासारखंच झालं की राव. एफआरपी (उसाचा सरकारी किमान भाव) उताऱ्यावर, म्हणजे उसातून साखर किती टक्के निघते त्यावर ठरते, २०२५-२६ ला १०.२५ टक्क्याला क्विंटलमागं ३५५ रुपये, पण उतारा मोजतो कोण, तर कारखानाच. 'गुण आला तर पैसे' म्हणत असतील तर गुण कोण मोजणार ते आधी ठरवा. आणि आपण शेतकरी एकरकमी एफआरपीसाठी रस्त्यावर बसतो, तुम्ही उलट तुकड्यात द्यायचं बघा 😄

फार्मात_१२_वर्षं:
गडी बरोबर बोलला. २०१७ ला अमेरिकेत नोव्हार्टिस कंपनीनं किमरिया हे कार-टी औषध काढलं, किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर, तेव्हा ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) लहान मुलांसाठी पहिल्या महिन्याअखेर गुण दिसला तरच पैसे अशी ऑफर होती. इटलीत तर फायदा टिकला तरच पुढचा हप्ता. पण महिन्याला रिपोर्ट चांगला आला आणि सहाव्या महिन्यात आजार उलटला तर महिन्याच्या अटीत तुमचे पैसे गेलेच. आपल्याकडं नेक्सकार१९ या देशी कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचं काम, किंमत तिकडच्या मानानं फारच कमी, तरी सुरुवातीला तीस-चाळीस लाखांच्या घरात होती. एवढी रक्कम ट्रस्टनं महिनाभर अडकवायची का? मी असतो तर थोडी रक्कम पेशी पाठवताना, बाकी पिशवी तपासून हातात आल्यावर. बॅच फेल तर दुसरा प्रयत्न फुकट, तोही नको असेल तर पैसे परत.

टीपीए_सांगली:
एक राहिलं. औषधाचं बिल म्हणजे सगळं बिल नाही. पेशी दिल्यावर ताप, बीपी पडणं असं झालं की टोसिलिझुमॅब (ही रिॲक्शन आवरायचं औषध) आणि आयसीयू लागतो, तो खर्च पॅकेजात की बाहेर, लेखी घ्या. इन्शुरन्सची मंजुरी पेशी काढायच्या आधी हवी, नंतर आम्ही टीपीएवाले (इन्शुरन्सचे क्लेम तपासणारे) शंका काढत बसलो तर शिव्या तुम्हालाच.

मिरज_पर्चेसवाला:
आभार सगळ्यांचे. नायट्रोजनची टाकी नाही आमच्याकडं, हे तर मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. सोमवारी मीटिंग आहे, तोवर ॲडव्हान्सवर लाल रेघ मारून मसुदा परत धाडतो.