५२ मुलं, दोन फोन, ३५ मिनिटांची तासिका: आठवीच्या चित्रकलेत अ‍ॅनिमेशन कसं बसवायचं?

कोरा_कागद (कोथरूड)

ग्रेड परीक्षा आटोपल्या की दिवाळीनंतर सहा आठवडे आठवीला अ‍ॅनिमेशन घ्यायचं ठरतंय. आठवड्याला दोन तासिका, त्याही सलग नाहीत. मुलांना फोन आणायला बंदी आहे. शाळेकडे दोन जुने अँड्रॉइड फोन आहेत, संगणक कक्ष फार तर दोनदा मिळेल. कार्डशीटच्या आकृत्या सरकवून फोटो काढायचे असा विचार आहे. पण चाचणीच्या क्लिपमध्ये दोन घोळ दिसताहेत. दर फोटोला उजेड कमीजास्त होतो, आणि आकृती सरकण्याऐवजी उड्या मारते. शिवाय दोन फोन आणि ५२ मुलं हे गणित जमवायचं कसं? ज्यांनी वर्गात हे शिकवलंय त्यांनी नेमकं सांगावं.

फिरती_चकती

उड्यांचं आधी बोलू, कारण ती चूक फोनची नाही, अंतराची आहे. मुलं दर वेळी सारखं अंतर सरकवतात किंवा अंदाजाने ढकलतात. सारखं सरकवलं तर वस्तू सरकत्या पट्ट्यावर ठेवल्यासारखी निर्जीव दिसते, अंदाजाने ढकललं तर उडते. त्यामुळे पहिल्या चार तासिका फोन कपाटात राहू द्या.

कागदाच्या पट्टीवर २४ सेंमी रेघ मारायला सांगा आणि त्यावर १२ टप्पे असे पाडा (एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंतचं अंतर, सेंमीत): ०.५, १, १.५, २.५, ३, ३.५, मग उलट क्रमाने ३.५, ३, २.५, १.५, १, ०.५. सेकंदाला १२ चित्रं धरली तर हा बरोबर एक सेकंद होतो. वस्तू हळू निघते, मध्ये वेग घेते, हळू थांबते. हीच पट्टी पुढे चित्रीकरणात आकृतीच्या कडेला, चौकटीबाहेर चिकटवायची.

पडणाऱ्या चेंडूची पट्टी वेगळी. २५ सेंमी उंचीसाठी टप्पे १, ३, ५, ७, ९ सेंमी. हे आकडे मनाचे नाहीत. पडणारी वस्तू समान वेळांत विषम संख्यांच्या प्रमाणात अंतर कापते. विज्ञानाच्या बाईंना सांगून ठेवा, पुढच्या वर्षी गतीचे नियम शिकवताना ही पट्टी त्यांच्या कामी येईल.

हे डोळ्यांना पटावं म्हणून फ्लिपबुक, म्हणजे अंगठ्याखालून पानं भराभर सोडली की चित्र हलतं तो छोटा गठ्ठा. ए४ आकाराचं कार्डशीट तीनदा अर्ध केलं की आठ पानं मिळतात, म्हणजे तीन कागदांत २४ पानं, दोन सेकंद. वहीचा साधा कागद लवतो, अंगठ्याखालून एकेक पान सुटत नाही. जाड कागदातून खालचं चित्र दिसत नाही ही उलट अडचण आहेच, तेव्हा खिडकीच्या काचेवर धरून गिरवायचं. गठ्ठा बाइंडर क्लिपमध्ये अडकवण्याआधी थोडा वाकवून पानांच्या कडा तिरक्या सरकवून घ्या. ही एक गोष्ट राहिली की निम्म्या मुलांचं फ्लिपबुक दोन-दोन पानं गिळतं आणि ती म्हणतात, “सर, माझं चालतच नाही.”

वेळ असेल तर वर्गासाठी एकच झोट्रोप करा, म्हणजे फिरवून खाचांतून पाहिलं की आतली चित्रं हलताना दिसतात असं नळकांडं. १४ सेंमी उंच काळी पट्टी, लांबी ६३ सेंमी अधिक चिकटवायला दीड सेंमी. वरच्या अर्ध्या भागात दर ५.२५ सेंमीवर एक अशा १२ खाचा, प्रत्येक ३ मिमी रुंद आणि ४ सेंमी खोल. आत, खाचांच्या खाली, बारा चित्रांची पट्टी. गणपती रंगवायचा फिरता पाट खाली ठेवला की काम झालं. खाच ५-६ मिमी झाली तर चित्र फासल्यासारखं दिसतं, म्हणून कात्रीने नको, कटरने कापा. आणि कटर शिक्षकांनीच चालवावा.

टाचणी_आणि_दोरा

चकती यांचं पट्टीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण चार तासिका फोनच नाही, हे आठवीला फार होईल. पहिल्याच तासिकेला शेवटची दहा मिनिटं फोन काढा, खोडरबर आणि टोपणं बाकावर सरकवून २० फोटो घ्या, लगेच दाखवा. खराब होईल, होऊ द्या. ते पाहिल्यावर पट्टी कशाला हवी हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि त्याच दिवशी दादासाहेब फाळक्यांचं नाव घ्या. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने फ्रेम घेऊन चित्रित केली होती, आणि १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्याच हलवल्या. म्हणजे काड्यापेटीवर हे जमतं, आणि आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी जमलेलं आहे.

आता उजेड. लुकलुकण्याची कारणं तीन, आणि बहुधा तिन्ही एकदम असतात.

पहिलं, फोन दर फोटोला स्वतःच उजेड आणि रंग ठरवतो. ‘ओपन कॅमेरा’ हे मोफत अ‍ॅप टाका, त्यात एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) दोन्ही लॉक करता येतात. एचडीआर, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार फोनने आपोआप जुळवण्याची सोय, बंद. फोकस एकदा लावून तोही लॉक करा, नाहीतर चौकटीत हात आला की फोन हातावर फोकस करतो.

दुसरं, ट्यूबलाइट. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. शटर (एका फोटोसाठी उजेड आत घ्यायचा वेळ) १/५० सेकंद किंवा त्याहून संथ ठेवलं की लुकलुक दिसत नाही. १/५०० वर एखादा फोटो उजळ, एखादा काळपट. स्वस्त एलईडी बल्बही हेच करतात. ओळखायचं सोपं आहे: व्हिडिओ चालू करून कॅमेरा बल्बकडे धरा, आडव्या पट्ट्या सरकताना दिसल्या की तो बल्ब नको. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, विजेच्या सामानाच्या बाजारातून, ९ वॉटचे एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन बल्ब आणा आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावा. एक पांढरा, एक पिवळट असं नको.

तिसरं कुणाच्या लक्षात येत नाही: पांढरा गणवेश. बाकावर वाकलेल्या मुलाच्या शर्टावरून उजेड परततो, मूल मागे सरकलं की जातो. फोटोच्या वेळी सगळ्यांनी एक पाऊल मागे, हा नियमच करा. खिडक्यांना जुने पडदे किंवा पुठ्ठा लावा, नाहीतर ढग आला की गेलं. पंखा बंद, हे सांगायला नको.

स्टँड विकत आणू नका. दोन स्टुलांवर लाकडी फळी आडवी ठेवायची, मध्ये कॅमेऱ्यापुरतं भोक, त्यावर फोन उताणा, स्क्रीन वर. कॅमेरा कागदापासून ४० ते ४५ सेंमी वर असला की ए३ आकार जेमतेम भरतो. फळी आणि स्टूल चिकटपट्टीने पक्के करा, बाकाचे पायसुद्धा खडूने आखून ठेवा. स्क्रीनला बोट लावून फोटो काढला की चौकट हलते. वायरवाला इअरफोन लावून त्याच्या आवाजाच्या बटणाने काढा. बहुतेक अँड्रॉइडवर चालतं, आधी पाहून घ्या. फोन फ्लाइट मोडवर.

तासिका_क्र_७

गणित असं बसतं. ८ गट ५ जणांचे, २ गट ६ जणांचे. एकूण १२ तासिका: ४ पट्टी आणि फ्लिपबुकच्या, २ स्टोरीबोर्ड (गोष्ट आधी चौकटींत काढून ठेवणं) आणि कापकामाच्या, ५ चित्रीकरणाच्या, १ दाखवायची. दोन फोनवर रोज दोन गट, पाच दिवसांत दहा.

एका गटाची एका दिवसाची मर्यादा ६० फोटो, म्हणजे पाच सेकंद. मांडणीला ८ मिनिटं, मिनिटाला तीन फोटो धरून २० मिनिटं, आवरायला ५. दृश्य अर्धवट ठेवून “उद्या पुढे” हे कधीच चालत नाही. मधल्या तासात कुणीतरी बाक ढकलतोच. पाच सेकंद ऐकून मुलं नाराज होतात, त्यांना तीन मिनिटांची मारामारी हवी असते. स्टोरीबोर्डवरच अडवा: तीन चौकटी, एक वस्तू, एक बदल. तीनपेक्षा जास्त पात्रं असलेला कागद परत करा.

गटात दोघं हलवणारे, एक बटणावर, एक पट्टीवरचा टप्पा मोठ्याने सांगणारा, एक वहीत फोटोचा क्रमांक लिहिणारा. दर १५ फोटोंना कामं बदलायची. वही फालतू वाटते, पण ३४ व्या फोटोत अंगठा आलाय हे नंतर तिच्यातूनच सापडतं. बाकीचे आठ गट तोवर पार्श्वभूमी आणि आवाजाची तयारी करतात, रिकामे ठेवलेत तर तुमचा घसा गेला.

एक फोटो ४ एमबी धरला तर दहा गटांचे अडीच जीबी होतात. फोन आधी रिकामा करा आणि रिझोल्यूशन उतरवा, पडद्यासाठी १०८० पिक्सेल पुरतं. संगणक कक्षात फोटो जुळवून व्हिडिओ करायला ‘शॉटकट’ हे सॉफ्टवेअर मोफत चालतं. सेकंदाला २४ फ्रेमचा प्रकल्प, प्रत्येक चित्र दोन फ्रेम.

गुण देताना गुळगुळीतपणाला निम्म्याहून कमी ठेवा. स्टोरीबोर्ड, पट्टी आणि वही तपासा, त्यात कुणी विचार केलाय ते दिसतं.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. पट्टी आणि इअरफोन दोन्ही लगेच करून बघतो. दोन शंका. माणूस चालवायचा तर सांधे कशाने जोडायचे? आणि आवाज कधी घ्यायचा, सिनेमाची गाणी टाकली तर?

टाचणी_आणि_दोरा

सांध्याला सुईने भोक, जाड दोरा, दोन्ही बाजूंना गाठ. गाठ घट्ट नको, पण पाय आपोआप लोंबेल इतकी सैलही नको. टोकं गोल कापा, नाहीतर गुडघा वाकला की फट दिसते. एका पावलाला ६ चित्रं, म्हणजे अर्धा सेकंद. टेकलेला पाय सहाही चित्रांत तिथेच राहिला पाहिजे, तो घसरला की माणूस बर्फावर चालल्यासारखा दिसतो. खरं सांगू का, पहिल्या वर्षी चालवूच नका. रिक्षात बसवा. चाक फिरवणं सोपं आणि रिक्षा आपल्याकडे कशीही वळली तरी कुणाला खटकत नाही. कळसूत्री बाहुल्यांची चित्रं दाखवा, हातपाय कुठे वेगळे कापायचे ते मुलांना चटकन कळतं.

तासिका_क्र_७

आवाज शेवटी, चित्र जुळवून झाल्यावर. गाणी नकोत. गॅदरिंगला लावलं तर कुणी फारसं बोलणार नाही, पण शाळेच्या पानावर टाकलं की कॉपीराइटचा प्रश्न येतो आणि व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो. तांदूळ ताटात ओतले की पाऊस, करवंट्या आपटल्या की घोड्याच्या टापा. मधल्या सुट्टीनंतरची तासिका रेकॉर्डिंगला घेऊ नका, मैदानावरचा गोंगाट खोलीत येतोच. प्रयोगशाळेशेजारची वस्तूंची खोली मिळाली तर उत्तम, सामानामुळे तिथे आवाज घुमत नाही. आणि व्हिडिओत मुलांचे चेहरे येणार असतील तर पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. फक्त हात आणि आकृत्या असतील तर तो प्रश्नच येत नाही.

फिरती_चकती

दोऱ्याऐवजी फेव्हिकॉल लावणारं एक मूल प्रत्येक गटात निघतंच, तेव्हा प्रत्येक आकृतीचे दोन संच कापून ठेवायला सांगा.