पियानो डब्यात, सॅक्सोफोन कानाशी: व्हॅन गेल्डर स्टुडिओचा हा आवाज नेमका कशामुळे?

एकारान्त (धागाकर्ता)

मंडळी, इथे जॅझ ऐकणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतोय. जुन्या ख्याल-ठुमरीच्या एलपी जमवता जमवता माझा पाय घसरला तो थेट ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीच्या तबकड्यांत. सध्या रोज वाजतात त्या दोन: सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' आणि पियानोवादक हर्बी हॅनकॉकची 'मेडन व्हॉयेज'. दोन्हींवर ध्वनिमुद्रक म्हणून एकच नाव, रूडी व्हॅन गेल्डर.

अडचण अशी की ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन ऐकताना वादक टीपॉयच्या पलीकडे उभा आहे असं वाटतं. झांजाही लखलखीत. पियानो मात्र दबलेला. वादकाने जोर लावला तरी तो मोठा होत नाही, नुसता जाड होतो. त्याच सेटवर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' लावली की पियानो मोकळा, भोवती हवा खेळते आहे असा. दुकानदार म्हणतो कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला तो तुकडा, बदला (तो नेहमीच कार्ट्रिज बदलायला सांगतो). तर दोष सेटचा, तबकडीचा की मुळातच हे असं आहे? आणि असलं तर ते त्या स्टुडिओच्या खोलीमुळे की त्या माणसामुळे?

गोडबोले_नाही

कार्ट्रिज बदलू नका, पैसे वाचवा.

माझ्या मते सगळी करामत खोलीची. न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्सचा तो स्टुडिओ म्हणजे जवळजवळ प्रार्थनामंदिर आहे. छत ३९ फूट उंच, वर लाकडाच्या मोठाल्या कमानी, खाली विटांच्या भिंती. फ्रँक लॉइड राइटच्या प्रभावातला वास्तुरचनाकार होता म्हणे. असं छत मिळालं तर कोणाचाही आवाज चांगला येईल.

निवृत्त_फेडर

गोडबोले_नाही, छताचं वर्णन बरोबर, निष्कर्ष पटत नाही. 'ब्लू ट्रेन' १५ सप्टेंबर १९५७ला मुद्रित झाली आणि एंगलवुड क्लिफ्सचा स्टुडिओ सुरू झाला १९५९मध्ये. म्हणजे धागाकर्त्याच्या दोन तबकड्यांपैकी एकीने ते छत पाहिलेलंच नाही! ती झाली न्यू जर्सीतल्याच हॅकेन्सॅकला, रूडीच्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात. शेजारच्या खोलीत यंत्रं, मधल्या भिंतीत काच. माइल्सने १९५६मध्ये प्रेस्टिज या कंपनीसाठी दोन दिवसांत चार एलपींचा ऐवज वाजवला तोही याच दिवाणखान्यात. पियानोवादक थेलोनियस मंकने तर आपल्या एका रचनेचं नावच 'हॅकेन्सॅक' ठेवलं.

आणि हा माणूस तेव्हा पूर्णवेळ ध्वनिमुद्रक नव्हताच. दिवसा टीनेकला लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि ती कमाई माइक आणि टेपयंत्रांत घालायचा. १९५९पर्यंत हे चाललं. जर्मन बनावटीचा नॉयमन यू-४७ माइक अमेरिकेत अगदी सुरुवातीला ज्यांच्याकडे आला त्यांतला हा एक.

खोली की माणूस, याचं उत्तर खरं तर १९५०च्या दशकातच मिळालं होतं. ब्लू नोटचा मालक आल्फ्रेड लायन याने गिल मेले नावाच्या सॅक्सोफोनवादकाची रूडीने केलेली टेप विकत घेतली. पुढचं मुद्रणही असंच हवं म्हणून तो ती घेऊन न्यू यॉर्कमधल्या आपल्या नेहमीच्या रेकॉर्डिस्टकडे गेला. तो म्हणाला, हे मला जमणार नाही, ज्याने केलंय त्याच्याकडेच जा. लायन गेला, आणि पुढची कित्येक वर्षं जातच राहिला.

आता उलट बाजूने बघा. १९७०च्या दशकात क्रीड टेलरच्या सीटीआय कंपनीची मुद्रणं याच एंगलवुड क्लिफ्सच्या छताखाली झाली. ती गुळगुळीत, इलेक्ट्रिक पियानोवाली, वर व्हायोलिनांची साय. ब्लू नोटशी त्यांचा आवाज जुळतो का? खोली तीच, मागणी वेगळी, म्हणून हात वेगळा चालला.

मी मुंबईत भावगीतांच्या आणि जाहिरातींच्या मुद्रणात उमेदवारी केलेला माणूस. सगळे वादक एका खोलीत एकदम वाजवत असले की पियानो हा सगळ्यांत त्रासदायक प्राणी, कारण त्याच्या माइकमध्ये ड्रम शिरतात. ब्लू नोटच्या त्या काळच्या मुद्रणात नंतर बसून मिश्रण करायची सोय नव्हती. वाजलं ते तिथल्या तिथे एका किंवा दोन ट्रॅकवर कायमचं. मग ड्रम बाहेर ठेवायचे तर पियानोचा माइक तारांच्या अगदी जवळ न्यायचा. जवळून घेतलेला पियानो झटका फार मारतो, मग तो दाबायचा, म्हणजे आवाजाचे चढउतार यंत्राने कमी करायचे. दाबला की तुम्ही म्हणता तसाच, मोठा न होता जाड होतो. हा माझा तर्क. खुद्द रूडीने जन्मभर कोणाला काही सांगितलं नाही. हातमोजे घालून माइक हाताळायचा, वादकांना हात लावू द्यायचा नाही, आणि फोटो काढायची वेळ आली की माइक मुद्दाम हलवून ठेवायचा.

'काइंड ऑफ ब्लू' झाली मॅनहॅटनमध्ये कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, जुन्या चर्चच्या इमारतीत. तिथे खरोखर खोली ऐकू येते. रूडीने पियानोची हवा खर्ची घातली आणि फुंकवाद्यं तुमच्या टीपॉयपाशी आणून उभी केली. मला हा सौदा मान्य आहे. सगळ्यांना नव्हता. बेसवादक चार्ल्स मिंगसने १९६०मध्ये स्वच्छ सांगितलं होतं की हा वादकांचा टोनच बदलतो, माझा बेस याने बिघडवला, म्हणून मी त्याच्याकडे जात नाही.

वर्ज्य_पंचम

थोडं अवांतर, पण फेडरकाकांच्या बाजूचं. कोल्ट्रेनची 'इंडिया' नोव्हेंबर १९६१मध्ये मुद्रित झाली ती ना हॅकेन्सॅकला ना एंगलवुड क्लिफ्सला. मॅनहॅटनमधल्या व्हिलेज व्हॅन्गार्ड या तळघरातल्या क्लबात, समोर श्रोते बसलेले असताना. रूडी आपली यंत्रं घेऊन तिकडे गेला होता. दोन डबल बेस खाली षड्ज धरून बसल्यासारखे आहेत, एरिक डॉल्फीचा बेस क्लॅरिनेट आहे. तिथेही फुंक तशीच अंगावर येते. ही तिसरी खोली. आमच्यासारख्या तानपुऱ्यावर वाढलेल्यांनी जॅझमध्ये शिरायला ही जागा उत्तम.

एकारान्त

फेडरकाका, आता कळलं की दुकानदाराकडे जायचं नाही. एक शंका उरली. तबकडीवर लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत 'आरव्हीजी' कोरलेलं असेल तरच खरी, असं लोक म्हणतात. माझ्या दोन्हींवर नाही. आणि मग खोलीचं काहीच श्रेय नाही का?

निवृत्त_फेडर

काका म्हणालात तर म्हणा, या इलाख्यात सगळेच अंकल म्हणतात.

'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' ही खूण म्हणजे तबकडी छापण्याआधीची लॅकर (जिच्यावरून छपाईचे साचे होतात ती पहिली तबकडी) रूडीने स्वतः कापली याची पावती. त्या मूळ छाप्यांच्या किमती आता वेडेपणाच्या आहेत, नादी लागू नका. शिवाय तो लॅकर कापताना साध्या घरगुती प्लेअरवर सुई उडू नये म्हणून खर्ज आवरता घ्यायचा. त्यापेक्षा मूळ टेपवरून केव्हिन ग्रे यांनी नव्याने कापलेली ब्लू नोटची 'टोन पोएट' ही पुनर्मुद्रणांची मालिका घ्या. 'ब्लू ट्रेन' त्यात २०२२ला मोनो आणि स्टिरिओ दोन्हींत आली आहे, मोनो घ्या. पियानो तिथेही डब्यातच आहे, पण डबा जरा मोठा वाटतो. १९९९पासून रूडीने स्वतः केलेल्या 'आरव्हीजी एडिशन' सीडींबद्दल मात्र मतभेद आहेत. मला त्या कर्कश वाटतात. त्याला स्वतःला डिजिटल मनापासून आवडायचं, आणि आवाजाची सगळ्यांत जास्त मोडतोड एलपीच करते असं त्याचं मत होतं! एलपीवाल्यांच्या दैवताने असं म्हणावं याची मला अजून गंमत वाटते.

खोलीचं श्रेय आहेच. त्यासाठी कोल्ट्रेनचीच 'अ लव्ह सुप्रीम' ऐका, ९ डिसेंबर १९६४, एंगलवुड क्लिफ्स. सुरुवातीला घंटेचा एक मोठा टोला पडतो. तो विरत जाताना वर उंच कुठेतरी पसरतो, हॅकेन्सॅकच्या दिवाणखान्यात त्याला तेवढी जागा मिळाली नसती. मागोमाग जिमी गॅरिसनचा बेस येतो, तो मात्र अगदी जवळ, बोटं तारेवर ऐकू येतील इतका. घंटा छताची आणि बेस रूडीचा, असं मी स्वतःपुरतं ठरवून टाकलं आहे.

रूडी ऑगस्ट २०१६मध्ये गेला, ९१ वर्षांचा होऊन. स्टुडिओ त्याच्या सहायक मॉरीन सिक्लर यांच्याकडे आला, आजही तिथे मुद्रणं होतात आणि २०२२मध्ये तो राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत गेला. न्यू जर्सीतल्या एडिसनकडचे आपले लोक न्यू यॉर्कच्या पाहुण्यांना पॅलिसेड्सचे कडे दाखवायला नेतात, तेव्हा तो ९-डब्ल्यू रस्त्यावरच लागतो. बाहेरून चटकन लक्षात येत नाही, आणि उगाच दार वाजवू नका, आत काम चालू असतं.

गोडबोले_नाही

घंटा ऐकली. छताला निम्मे गुण तरी द्या.